सतरा नंबरची घंटा

एवारिस्तो चेक्किनी यांनी हयातभर रोमच्या एका कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषण करताना त्यांना ‘बिनचूक’ म्हटलं आणि तो शब्द त्यांच्या डोक्यात गेला तो गेलाच. पुढे इमारतीत कुणी ‘पाच-सहा माणसं आली होती’ असं सहज जरी म्हटलं, तरी एवारिस्तो थांबून विचारायचे, “पाच की सहा?” अशा माणसाच्या हातून सतरा आणि एकवीस यांची गल्लत व्हावी, आणि तीही पोटच्या मुलीचं लग्न ठरायच्या दिवशी, हे तेस्ताच्चो भागातल्या पुष्कळ लोकांना अजून खरं वाटत नाही. ज्यांना खरं वाटतं ते त्यांना बघून रोज हसतात.

सगळी सुरुवात घंटांपासून झाली. इमारतीच्या फाटकावरची घंटांच्या बटणांची जुनी पितळी पाटी एका हिवाळ्यात कायमची मुकी झाली. मग चर्चच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा भरली आणि नेहमीप्रमाणे सगळे एकाच वेळी बोलून झाल्यावर नवं यंत्र बसवायचं ठरलं. पडदा, फिरवायची खुंटी, बोलायला जाळी, सगळं झकास. त्यावर नावं मात्र लिहायची नाहीत, कारण नावं वाचून चोरांना कळतं कोण गावाला गेलंय. चोर नावं वाचून कसं काय ओळखतात हे कुणी विचारलं नाही. नुसते घरांचे नंबर लावायचे ठरले.

इथे पुरातत्त्व खातं आडवं आलं. इमारत शंभरीला टेकलेली. प्रत्येक दारावर संगमरवरी पाटी आणि तिच्यात कोरलेला रोमन आकडा. खात्याचं म्हणणं असं की दारावर जसा आकडा तसाच फाटकावर दिसला पाहिजे, नाहीतर परवानगी नाही. यंत्रवाल्या कंपनीचा माणूस म्हणाला की आमच्या यंत्राला एक, दोन, तीन कळतं, त्याला एक्स म्हणजे काय ते ठाऊक नाही, तेव्हा मधे एक छोटा प्रोग्राम कुणीतरी लिहून द्या. रोमन आकडा घ्यायचा, साधा आकडा करायचा आणि तेवढी घंटा वाजवायची.

हॉलमधले सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. लोरेदानाबाईंनी नवऱ्याची बाही वेळेवर धरली, पण दुसऱ्या हाताची धरायला हवी होती. एवारिस्तोंचा तो हात वर गेला. मागे याच हॉलमध्ये त्यांनी जिन्यातल्या कुंड्यांची जबाबदारी अशीच हात वर करून घेतली होती. त्या कुंड्या आता रिकाम्या आहेत.

“आकडे रोमन, आपण रोमन, आणि हिशेब माझा विषय,” ते उभं राहून म्हणाले. “यात बाहेरच्या माणसाचं काय काम?”

चर्चच्या तळघरात निवृत्तांसाठी चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या वर्गाला ते एक हिवाळाभर गेले होते. तिथे त्यांनी पडद्यावर स्वतःचं नाव उमटवून दाखवलं होतं आणि त्याबद्दल त्यांना पाद्रीबाबांच्या हस्ते प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. हे पुरेसं आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

पहिला प्रोग्राम त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पाच, एक्स म्हणजे दहा, आणि दिसेल त्याची बेरीज. सुटसुटीत काम. यंत्र सुरू झालं, रहिवाशांनी टाळ्या वाजवल्या आणि नव्या घंटेने पहिल्याच आठवड्यात इमारतीत यादवी माजवली. ‘IX’ मध्ये एक आणि दहा, म्हणजे अकरा. नऊ नंबरच्या प्राध्यापक साबातुच्चींनी बोलावलेला प्लंबर अकरात गेला आणि कुणी काही विचारायच्या आत त्याने तिथला धडधाकट नळ उखडून ठेवला. चौदा नंबरची पाहुणी मंडळी सोळात शिरली. एकोणीस नंबरकडे येणारे सगळे एकवीसमध्ये, म्हणजे दोमितिल्लाबाईंकडे पोचू लागले.

दोमितिल्लाबाई विधवा, मुलं परदेशी, आणि हाताला अशी चव की जिन्यातून जाणारा माणूस त्यांच्या दाराशी उगाच बुटाची नाडी बांधायला थांबायचा. चुकून आलेल्या प्रत्येकाला त्यांनी बसवून घेतलं आणि खाऊ घातलं. सगळ्या इमारतीत एवारिस्तोंबद्दल तक्रार नसलेल्या त्या एकट्याच होत्या. याचा लोरेदानाबाईंना वेगळा राग होता. त्या दोघींमध्ये आर्टिचोक नावाच्या कमळकळीसारख्या भाजीवरून फार जुनं वैर होतं. दोमितिल्लाबाई ते अख्खे तेलात तळून फुलासारखे उमलवायच्या, लोरेदानाबाई पुदिना भरून मंद आचेवर शिजवायच्या, आणि दुसरीची पद्धत ही पद्धतच नव्हे असं दोघीही वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या.

प्राध्यापक साबातुच्ची जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलेले. ते प्लंबरचं बिऱ्हाड अकरातून सोडवून तडक सतराव्या घरी आले. सतरावं घर म्हणजे चेक्किनींचं. प्राध्यापकांनी उभ्याउभ्या असं व्याख्यान दिलं की लहान चिन्ह जर मोठ्या चिन्हाच्या आधी येत असेल तर ते मोठ्यातून वजा होतं, नंतर येत असेल तर मिळवलं जातं, आणि हे पोरासोरांना येतं. एवारिस्तोंचे कान लाल झाले. बिनचूक माणसाला दारात उभं राहून कुणी असं कधी बोललं नव्हतं.

“यात न कळण्यासारखं काय आहे?” लोरेदानाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “तुझी बहीण सगळ्यांच्या मागून आली तर घरात एक माणूस वाढतं. पुढे येऊन बसली की माझंच काहीतरी कमी होतं.”

एवारिस्तोंना तो नियम बहिणीमुळे पक्का समजला. आता प्रोग्राम प्रत्येक चिन्ह शेजारच्या चिन्हाशी ताडून बघू लागला. शेजारचं मोठं असेल तर वजा, नाहीतर अधिक. नऊचे नऊत आणि चौदाचे चौदात गेले. पण प्राध्यापक एवढ्यावर थांबणारे नव्हते. अशुद्ध रोमन आकडा यंत्राने मुळीच स्वीकारू नये, असा त्यांनी आग्रह धरला. एवारिस्तोंनाही शिस्त आवडली. त्यांनी असं लिहिलं की आकडा अशुद्ध दिसला तर उत्तर शून्य.

आता रोमन लोकांकडे शून्य नव्हतं, पण या इमारतीत होतं. तळमजल्यावरच्या रखवालदारीणबाईंच्या, इओलेबाईंच्या खोलीला नंबर नाही, म्हणून कंपनीच्या माणसाने तिची घंटा शून्यावर जोडली होती. आणि चौथ्या घरात राहत होता घड्याळजी. त्याच्या दारावर ‘IIII’ कोरलेलं, जसं बहुतेक जुन्या घड्याळांवर चारच्या जागी असतं. प्राध्यापकांच्या मते ते अशुद्ध. झालं. बंद पडलेली घड्याळं घेऊन येणारं अर्धं रोम दुपारच्या झोपेच्या वेळी इओलेबाईंची घंटा वाजवू लागलं. तिसऱ्या दिवशी त्या झाडू घेऊनच वर आल्या.

“हिशेबनीससाहेब,” त्या म्हणाल्या, “तुमची ती शुद्धता मला नको. जो येईल त्याला कुठेतरी पाठवा, पण माझ्याकडे पाठवू नका.”

एवारिस्तोंनी शिस्तीचा भाग खोडला. यापुढे यंत्र कुठल्याही आकड्याला नाही म्हणणार नव्हतं. समोर येईल त्याची मुकाट्याने बेरीज-वजाबाकी करून टाकणार होतं. इमारत शांत झाली. ते स्वतः फाटकाशी उभे राहून सगळी घरं दाबून बघून आले, सगळ्या घंटा आपापल्या घरी वाजल्या. जिन्यात लोक पुन्हा त्यांना ‘हिशेबनीससाहेब’ म्हणताना आदराने म्हणू लागले, निदान त्यांना तसं वाटलं.

अशा या सुखाच्या काळात जिनेव्राचं ठरलं. जिनेव्रा ही त्यांची एकुलती एक. नेपल्सच्या कातेल्लो नावाच्या शाळामास्तराशी तिचं दोन वर्षं जमलेलं, आणि आता त्याचे आईवडील रविवारी जेवायला यायचे होते. कातेल्लोची आई दोन्ना रेस्तितूता हिला घर पसंत पडलं की लग्नाची तारीख ठरणार. कातेल्लो शहाणा मुलगा, पण आईला दुखवून काही करणार नाही असा, आणि जिनेव्राला तो तसा आहे म्हणूनच आवडला होता. त्यामुळे सगळं त्या एका बाईवर येऊन ठेपलं होतं.

आणि दोन्ना रेस्तितूता सतरा या आकड्याला यमाइतकी भिते, ही बातमी जिनेव्राने गुरुवारी रात्री सूप पिता पिता दिली.

तसे सतराला सगळेच बिचकतात. कित्येक हॉटेलांत त्या नंबरची खोली नसते. ‘XVII’ ही अक्षरं फिरवून लावली की ‘VIXI’, लॅटिनमध्ये ‘मी जगलो’, असं होतं, म्हणजे आता मेलो, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. पण दोन्ना रेस्तितूतेचं प्रकरण पुढचं होतं. सतरा तारखेला ठेवलेल्या सख्ख्या भाचीच्या बारशाला ती गेली नव्हती. विमानात सतरावी रांग नाही अशी खात्री करूनच ती तिकीट काढायची. आणि चेक्किनींच्या दारावर, संगमरवरात, शंभर वर्षं पुसलं जाणार नाही असं ‘XVII’ कोरलेलं होतं.

“सरळ सांगून टाकू ना तिला,” जिनेव्रा म्हणाली, पण तिचा आवाज सरळ नव्हता. एवारिस्तोंना तो आवाज लहानपणापासून ठाऊक होता. ताप आला की ती अशीच ‘मला काही नाही झालं’ म्हणायची. दाराची पाटी फोडून टाकावी असं त्यांच्या मनात आलं, पण पुरातत्त्व खातं आठवून ते गप्प बसले.

सल्ले सुरू झाले. इओलेबाई म्हणाल्या, पाटीवर वाळत घातलेली चादर सोडा. घड्याळजी म्हणाला, विहीणबाईंना डोळे मिटूनच आत घ्या, म्हणावं आमच्याकडे आश्चर्य दाखवायचा रिवाज आहे. तोडगा काढला तो प्राध्यापक साबातुच्चींनी. जुने रोमन अठराला कधीकधी वीसमधून दोन कमी असं लिहीत, आधी दोन आय आणि मग दोन एक्स. त्याच चालीवर आधी तीन आय लिहा: ‘IIIXX’. किंमत सतराच, पण नेपल्सच्या कुठल्याही बाईला त्यात सतरा दिसणार नाही.

एवारिस्तोंना हे फार आवडलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि इथे तर किंमत तीच राहत होती. एका लाकडी फळीवर त्यांनी सुबक अक्षरांत ‘IIIXX’ रंगवलं आणि शनिवारी संध्याकाळी ती फळी संगमरवरी पाटीवर टांगली. दारावर असेल तेच फाटकावर असलं पाहिजे हा नियम असल्याने त्यांनी यंत्रातही ‘XVII’ काढून ‘IIIXX’ घातलं.

“एकदा वाजवून बघ,” लोरेदानाबाई म्हणाल्या.

“हिशेबनिसाला वाजवून बघावं लागत नाही,” एवारिस्तो म्हणाले.

रविवारी सकाळपासून घरात कोकराचं मटण आणि पुदिन्याचा वास भरला होता. साडेबाराला कातेल्लो आणि जिनेव्रा स्टेशनवरून म्हाताऱ्यांना गाडीतून घेऊन आले, त्यांना फाटकाशी उतरवलं, ‘IIIXX लावा आणि दाबा’ एवढं सांगितलं आणि गाडी उभी करायला जागा शोधायला गेले. रविवारी दुपारी तेस्ताच्चोत गाडीला जागा शोधायला गेलेला माणूस जेवणापर्यंत परतला तर त्याचं नशीब.

वर चेक्किनी पतिपत्नी नवे कपडे घालून कोचावर बसून होते. घंटा वाजत नव्हती. पाणी उकळत होतं. एकदा एवारिस्तोंना कुठूनतरी मोठं हसू ऐकू आलं, पण रविवारी इमारतीत हसतातच. लोरेदानाबाईंनी पाण्यात पास्त्याची रिगातोनी सोडली, मग काढली. ती गार झाली तशी पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा तिला आकार उरला नव्हता.

“नेपल्सची गाडी चुकली असेल,” एवारिस्तो म्हणाले.

“गाडी नाही चुकली,” लोरेदानाबाई म्हणाल्या. “तू खाली जा.”

ते खाली गेले. फाटकाशी कुणी नव्हतं. त्यांनी खुंटी फिरवून ‘IIIXX’ लावलं, दाबलं आणि लोरेदानाबाईंच्या आवाजाची वाट बघितली. जाळीतून काट्याचमच्यांचा आवाज आला आणि मागोमाग दोमितिल्लाबाईंचा.

“कोण आहे? आम्ही जेवतोय.”

एवारिस्तो तिथेच उभे राहिले. त्यांनी बोटं धरून हिशेब केला. एक अधिक. पुन्हा एक अधिक, कारण शेजारी तर एकच आहे, मोठं कुणी नाही. तिसऱ्या एकाच्या शेजारी दहा, तेव्हा तेवढा वजा. मग दहा आणि दहा. एकवीस. त्यांच्या प्रोग्रामने एकाच एकाला वजा करून बाकीचे दोघे बेरजेत घेतले होते. यंत्राला आधीसारखी शिस्त असती तर त्याने हा आकडा नाकारला असता आणि म्हातारा-म्हातारी फार तर इओलेबाईंच्या खोलीत शिरली असती. पण ती शिस्त त्यांनीच काढली होती.

जिना चढताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वयाची जाणीव झाली. एकवीसचं दार उघडंच होतं. टेबलाच्या टोकाशी काळ्या रेशमात दोन्ना रेस्तितूता बसली होती, गळ्यात रुमाल, समोर तळलेल्या आर्टिचोकची अर्धी रिकामी थाळी. तिचे यजमान, आनिएल्लो, तिसऱ्यांदा वाढून घेत होते. कातेल्लोचे आईवडील कोण हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, तसं दोमितिल्लाबाईंनाही होतं. ‘चेक्किनी मंडळी तयार होईपर्यंत चव तरी बघा’ असं म्हणून, पण घर कुणाचं ते न सांगता, त्यांनी पाहुण्यांना बसवलं होतं, आणि ‘चव’ पहिल्या पदार्थावरून तिसऱ्यावर पोचली होती.

“हे बघा, आले,” दोमितिल्लाबाई अगदी निष्पाप चेहऱ्याने म्हणाल्या. “बसा हिशेबनीससाहेब, तुमचीच वाट बघत होतो.”

एवढ्यात लोरेदानाबाई मागून वर आल्या. हातात चाळणी तशीच होती. त्यांनी थाळीकडे पाहिलं आणि त्यांचा रंग उतरला. त्यांच्या मागे धापा टाकत जिनेव्रा आणि कातेल्लो उभे राहिले.

दोन्ना रेस्तितूतेने रुमालाने ओठ टिपले. “म्हणजे हे तुमचं घर नाही?”

“नाही,” एवारिस्तो म्हणाले.

“मग तुमच्या घराचा नंबर काय?”

एवारिस्तोंनी मुलीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. ‘विसाला तीन कमी’ असं काहीतरी गोल बोलावं, असं क्षणभर त्यांच्या ओठांवर आलं. पण जन्मभर बिनचूक राहिलेल्या माणसाला त्या वेळी दुसरा आकडा सुचेना.

“सतरा,” ते म्हणाले. “वर फळी आहे. फळीच्या खाली सतरा आहे.”

दोन्ना रेस्तितूतेने काटा खाली ठेवला. टेबलाखाली तिच्या हाताची तर्जनी आणि करंगळी अपशकुन टाळायला जमिनीकडे रोखल्या गेल्या असणार, कारण आनिएल्लोंनीही त्याचसाठी निमूटपणे खुर्चीचा लोखंडी पाय धरला. मग तिने चौकशी सुरू केली. त्या घरात किती वर्षं राहता? लग्न झाल्यापासून. मुलगी तिथेच झाली? हो. घरात कुणी अकाली गेलं? एक पोपट, तोही म्हातारा होता. आणि आज काय काय झालं? लोरेदानाबाईंनी रडवेल्या आवाजात सांगितलं: मटण करपलं, रिगातोनीची लापशी झाली, पाहुणे वैरिणीच्या ताटावर बसले.

दोन्ना रेस्तितूतेच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडली.

“मग मिटलं,” ती म्हणाली. “सतरा आपलं घेतल्याशिवाय सोडत नाही. त्याला जे करायचं होतं ते त्याने आज तुमच्या मटणावर करून घेतलं. आता पोरांसाठी त्याच्याकडे काही उरलं नाही. तारीख काढा.”

जिनेव्राने आधी डोळे उघडले आणि मग बापाच्या गळ्यात पडली. एवारिस्तोंना तिच्या केसांत तोंड लपवावं लागलं, कारण हिशेबनिसाने परक्या घरात रडणं बरं दिसत नाही.

“पण एक अट,” दोन्ना रेस्तितूता थाळी पुढे ओढत म्हणाली. “लग्नाचं जेवण या बाईंच्या हातचं.”

लोरेदानाबाई चाळणी उचलून घरी निघाल्या. दारावरची फळी खाली उतरवताना एवढंच म्हणाल्या की विहीणबाई चुकली, सतराने सगळं मटणावर नव्हतं घेतलं.

सोमवारी सकाळी एवारिस्तोंनी प्रोग्राम दुरुस्त केला. आता तो आकडा उजवीकडून वाचत येतो, वाटेत भेटलेलं सगळ्यात मोठं चिन्ह लक्षात ठेवतो, आणि त्याच्या पुढे-पुढे करणारे जितके लहान असतील तितके सगळे वजा करतो. ‘IIIXX’ दाबलं की सतरा वाजतं. या वेळी त्यांनी वाजवूनही बघितलं.

ईस्टरला नणंदबाई मुक्कामाला यायच्या होत्या. त्यांना पत्ता कळवताना लोरेदानाबाईंनी घराचा नंबर आठवणीने ‘IIIXX’ असा कळवला, आणि मग एवारिस्तोंना कॉम्प्युटरसमोर बसवून सोमवारची दुरुस्ती काढायला लावली.